पोटनिवडणुकीतलं ‘पोट’ आणि सांगोल्याचं १९७४ साल

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: ‘सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांच्या विजयांची यादी बघत होतो. १९६२, १९६७ आणि मग एकदम १९७४. विधानसभेच्या निवडणुका तर १९७२ आणि १९७८ ला झाल्या. चौकशी केली तर कळलं की ती पोटनिवडणूक होती. पण यात पोट कुठून आलं? हिंदीत उपचुनाव म्हणतात, मग आपण उपनिवडणूक का म्हणत नाही? आमच्या कट्ट्यावर एकाने सांगितलं, आमदार वारला की त्याच्या पोटच्या पोराला तिकीट देतात म्हणून पोटनिवडणूक.’

कट्ट्यावरची व्युत्पत्ती चुकीची आहे, पण ज्याला सुचली त्याला दाद द्यायला हवी. व्यवहार बघून शब्द उलगडायचा म्हटलं तर याहून जवळचं काही सुचणं कठीण.

आता खरं पोट बघू. मराठीत समासाच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘पोट’चा अर्थ बऱ्याचदा ‘आतला, मोठ्या वस्तूत सामावलेला’ असा असतो. ज्याचा सातबाराशी संबंध आला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका गटाचे वारसांमध्ये तुकडे पडले की ते पोटहिस्से. लागवडीच्या जमिनीतच जो खडकाळ, ओढ्याखालचा तुकडा पिकत नाही तो पोटखराबा. पोटखराबा शेताच्या शेजारी नसतो, शेताच्या हद्दीतच असतो. क्षेत्र मोजताना तो मोजला जातो, फक्त लागवडीयोग्य धरला जात नाही. तसंच पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू, सहकारी संस्थेचे पोटनियम. जुन्या घरातला पोटमाळासुद्धा घराच्या उंचीतच काढलेला असतो, वर चढवलेला नवा मजला नव्हे. (‘पोटतिडीक’, ‘पोटदुखी’ यांत खरोखरचं पोट आहे. ‘भाड्यापोटी’, ‘अज्ञानापोटी’ यांतल्या ‘पोटी’ची वाट आणखी निराळी. ती इथे नको.)

पोटनिवडणूक याच घरातली. सार्वत्रिक निवडणुकीने विधानसभेला एक मुदत मिळते. त्या मुदतीच्या आत एखादी जागा मृत्यूने, राजीनाम्याने किंवा अपात्रतेने रिकामी झाली तर तेवढ्या एका जागेसाठी मतदान होतं, आणि निवडून आलेल्या आमदाराला उरलेली मुदतच मिळते. त्याच्यासाठी नवीन पाच वर्षं सुरू होत नाहीत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आता अशी तरतूद आहे की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत ही निवडणूक घ्यायची. उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर मात्र हे बंधन नाही. म्हणजे पोटात जागाच उरली नसेल तर पोटनिवडणूकही टळू शकते.

मग ‘उप’ का नाही? ‘उप’ला आपल्याकडे प्रामुख्याने हुद्द्याचा वास आहे: उपसरपंच, उपसभापती, उपअभियंता. शेजारी बसणारा, एक पायरी खाली असणारा. उपसरपंच हा सरपंचाच्या आत नसतो, म्हणून पोटसरपंच म्हटलं तर ग्रामसभा हसेल. निवडणुकीचं नातं मात्र आत असण्याचं आहे. कुठे कुठे दोन्ही चालतात, जसं पोटजात आणि उपजात, पोटनियम आणि उपविधी. पण पोटनिवडणुकीच्या जागी उपनिवडणूक म्हणून बघा, कानाला लगेच भाषांतर वाटतं. इंग्रजीने ‘बाय-इलेक्शन’ म्हणून ती बाजूला ठेवली, हिंदीने ‘उप’ लावून जवळ बसवली, आपण आत घेतली. यात आपण एकटे नाही. गुजरातीतही पेटाचूंटणीच म्हणतात, आणि तो ‘पेटा’ पेट म्हणजे पोटावरूनच आला आहे. पोटजातीला ते पेटाज्ञाती म्हणतात. मला स्वतःला या तिन्हींत मराठी-गुजराती शब्द जास्त नेमका वाटतो. मातृभाषेचा अभिमान वजा करूनही.

आता सांगोला. सोलापूर जिल्ह्यातला, माण नदीकाठचा, वर्षानुवर्षं पावसाने फसवलेला आणि डाळिंबांनी थोडाफार सावरलेला तालुका. विधानसभेच्या यादीत मतदारसंघ क्रमांक २५३. तुमच्या प्रश्नासाठी याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण निवडणुकीचे तीन वेगवेगळे शब्द या एकाच मतदारसंघाच्या सालांत लपलेले आहेत.

शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबा, ११ वेळा निवडून आले: १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. यातली बहुतेक सालं सार्वत्रिक निवडणुकांची. १९७२ ला आबा काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील यांच्याकडून पडले. (‘पराभूत झाले’ हे वर्तमानपत्रात. गावात उमेदवार एक तर ‘येतो’ नाही तर ‘पडतो’.) दोन वर्षांत जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली आणि आबा आले. यादीतलं १९७४ ते हेच. त्या विजयाने त्यांना १९७२ च्या विधानसभेतला उरलेला काळ मिळाला. पुढची सार्वत्रिक निवडणूक १९७८ ला झाली तेव्हा सगळ्यांबरोबर त्यांनाही पुन्हा उभं राहावं लागलं.

१९७८ नंतर लगेच १९८०, इथे बरेच जण घसरतात. ‘ती पण पोटनिवडणूकच ना?’ असं मला दोघा-तिघांनी विचारलं आहे. नाही. १९८० च्या फेब्रुवारीत शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं, विधानसभाच विसर्जित झाली आणि मे महिन्यात सगळ्या महाराष्ट्रात पुन्हा मतदान झालं. त्या सरकारात गणपतराव स्वतः मंत्री होते. ही मध्यावधी निवडणूक. नाव ‘मध्यावधी’ म्हणजे मुदतीच्या मधली, त्यामुळे अर्थाने पोटनिवडणुकीच्या जवळची भासते, पण परिणाम अगदी उलटा. मध्यावधीत जुनी मुदत संपते आणि नवीन पाच वर्षं मोजायला सुरुवात होते, म्हणून १९८० नंतर सरळ १९८५. पोटनिवडणुकीत जुनी मुदत चालूच राहते. आणि एखाद्या केंद्रावर गोंधळ झाल्यामुळे तिथे पुन्हा मतदान घेतात ते फेरमतदान; त्याला पोटनिवडणूक म्हणणं ही सरळ चूक आहे.

शब्दांचा हा फरक पाळला नाही की हिशेब चुकतो. ‘११ वेळा आमदार म्हणजे ५५ वर्षं’ असं कोणी ठोकून देतो. पण १९७४ च्या वाट्याला साधारण चार वर्षं आली आणि १९७८ च्या वाट्याला दोनच. १९६२ ते ७२, १९७४ ते ९५ आणि १९९९ ते २०१९ असे तीन तुकडे जोडले की बेरीज पन्नाशीच्या किंचित पुढे जाते. काम कमी झालं असं मी म्हणत नाही, गुणाकार चुकला एवढंच.

मधली खाच १९९५ ची. तेव्हा काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी आबांना पाडलं, तेही १९२ मतांनी. हेच बापू पुढे २०१९ ला शिवसेनेकडून आले. तोवर आबांनी वयोमानामुळे थांबायचं ठरवलं होतं, समोर त्यांचे नातू अनिकेत देशमुख होते, आणि फरक होता ७६८ मतांचा. बापूंचं नाव उरलेल्या महाराष्ट्राला मात्र मतांमुळे नाही, २०२२ मध्ये गुवाहाटीहून फोनवर केलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’मुळे माहीत झालं. (‘डोंगार’ मधल्या त्या ‘गा’वर एक वेगळं टिपण लिहावं लागेल.) २०२४ ला आबांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ती जागा २५ हजारांहून जास्त मतांनी शेकापकडे परत आणली. गणपतराव ३० जुलै २०२१ ला गेले. तेव्हा ते आमदार नव्हते, त्यामुळे त्यांच्या जाण्याने पोटनिवडणूक लागली नाही.

शेजारच्या पंढरपुरात मात्र त्याच वर्षी लागली होती. आमदार भारत भालके यांचं निधन झालं, राष्ट्रवादीने त्यांचे पुत्र भगीरथ यांना उभं केलं, आणि भाजपचे समाधान आवताडे ३,७३३ मतांनी आले. म्हणजे तिकीट पोटच्या पोराला मिळालं पण जागा मिळाली नाही. उलट पलूस-कडेगावात २०१८ ला दिवंगत पतंगराव कदमांच्या जागी त्यांचे पुत्र विश्वजित कदम बिनविरोध आले. तुमच्या कट्ट्यावरच्या व्युत्पत्तिकाराला दोन्ही उदाहरणं द्या, त्याचा सिद्धांत अर्धा टिकेल.

राहिलं लिहिण्याचं. फलकांवर ‘पोट निवडणूक’ असं तोडून लिहिलेलं दिसतं. सामासिक शब्द आहे, जोडूनच लिहावा: पोटनिवडणूक, आणि विभक्ती लागताना ‘णू’ ऱ्हस्व होऊन पोटनिवडणुकीत, पोटनिवडणुका.