रॅक सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतोय, व्हेंडर म्हणतो मदरबोर्ड गेला. बदलावा का?

बदलू नका. निदान आज तरी नको.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातला दोन पॉवर सप्लायचा सर्व्हर आठवड्यातून एक-दोनदा आपोआप बंद पडून परत चालू होतो, समोर पिवळी लाइट लुकलुकते, रॅम काढून परत बसवली तरी तेच, आणि व्हेंडर म्हणतो बोर्ड गेला. वाचून डोकंच तापलं. हेच वाक्य मी चार वर्षांपूर्वी ऐकलंय आणि त्यापायी लाखाला थोडे कमी एवढे पैसे पाण्यात गेलेले बघितलेत. पैसे माझे नव्हते, पण बोलणी माझी होती.

मी तेव्हा किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आयटी बघायचो, नाव घेत नाही, म्हापशाहून रोज स्कूटरने जायचो. सर्व्हर रूम म्हणजे बेसमेंटमधली लॉन्ड्रीच्या शेजारची खोली, आधी तिथे चादरी ठेवायचे. एक रॅक, त्यात बुकिंग-बिलिंगचा २यूचा (रॅकमधल्या दोन घरांच्या उंचीचा) सर्व्हर, एक नेटवर्क स्विच, खाली यूपीएस (वीज गेली की बॅटरीवर चालवणारा डबा) आणि वर एक जुना स्प्लिट एसी. जुलैत सर्व्हर उडायला लागला. उडाला की फ्रंट ऑफिसचा फोन, चेकआउटला लाइन लागलेली, बिल निघत नाही, आणि मी अजून पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये रेनकोट घालून उभा.

व्हेंडरचा इंजिनियर बाहेरून आला. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. सर्व्हरचा हार्डवेअर लॉग उघडला तर त्यात एकाच सेकंदाला दोन्ही पॉवर सप्लायचं इनपुट गेल्याची नोंद. तो म्हणाला, दोन पीएसयू (म्हणजे पॉवर सप्लाय) एकदम मरू शकत नाहीत, म्हणजे बोर्डच सेन्सिंग चुकीचं करतोय. वर वेळ बघितली, ०२:११, ०२:०९, ०२:१४. रात्री दोनला हॉटेलात काय लोड असणार, म्हणजे बोर्डच. ऐकायला इतकं बरोबर वाटलं की मीसुद्धा मान हलवली, ते आजही खुपतं.

बोर्ड मागवला, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी बसवला. पाच दिवस सर्व्हर एकदाही उडाला नाही. सगळे खूश, मला मीटिंगमध्ये ऐकवलं की हे तू महिनाभर आधी का नाही ओळखलंस. सहाव्या दिवशी परत उडाला.

आता बोर्ड नवा, पीएसयू आधीच बदललेले, मग राहिलं काय? इंजिनियरने जाताना लॉग साफ केला होता (हे कोणालाही करू देऊ नका, आधी एक्स्पोर्ट करून घ्या), पण माझ्या मोबाइलमध्ये जुन्या स्क्रीनचे फोटो होते. ते बघत बसलो आणि नजर घड्याळावर गेली. मॅनेजमेंट कंट्रोलरचं, म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवून लॉग लिहिणाऱ्या वेगळ्या चिपचं, घड्याळ यूटीसीवर (जागतिक वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) होतं. डेलचा आयड्रॅक म्हणा, एचपीचा आयएलओ म्हणा, बऱ्याच ठिकाणी ते तसंच राहतं, कोणी बदलत नाही. दोन अकरामध्ये साडेपाच तास मिळवा. सकाळचे सात एकेचाळीस. बाकीचेही साडेसात ते पावणेआठमधलेच. आणि बहुतेक सोमवार.

दुसऱ्या सोमवारी सात वाजताच जाऊन खोलीत बसलो. साडेसातनंतर मेंटेनन्सचा मुलगा आला आणि एसीचं बटण दाबलं. म्हटलं, हा रात्री बंद असतो? म्हणाला, हो, अकाउंटवाल्या साहेबांची ऑर्डर आहे, संध्याकाळी सातला बंद, सकाळी चालू. आणि मग स्वतःहूनच म्हणाला, "एसी चालू केलो काय तो डबो टक्क करता." डबो म्हणजे यूपीएस. इंजिनियर आला, बोर्ड आला, मीटिंगा झाल्या, आणि खरं कारण या पोराला ऐकू येत होतं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

झालं होतं असं. एसी साधा, इन्व्हर्टरवाला नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम करंट खेचायचा. सोमवारी वीकेंडच्या चादरींचा ढीग, म्हणजे शेजारी लॉन्ड्रीची मशीनं आणि हीटर सकाळपासून चालू, व्होल्टेज आधीच दबलेलं, त्यात हा झटका. यूपीएस टक्क करून बॅटरीवर जायचा आणि बॅटरीत काही नव्हतंच. मीटर लावला तर लोडशिवाय १३ व्होल्ट, लोड दिला की धाडकन ९. बाहेर काढायला गेलो तर फुगून ट्रेमध्ये अडकलेल्या, स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढल्या. आणि दोन्ही पीएसयूच्या केबल त्याच यूपीएसच्या एकाच पट्टीत! मग एकाच सेकंदाला दोन्ही जाणार नाहीत तर काय. क्षणभराने लाइन परत यायची आणि सर्व्हर आपोआप चालू व्हायचा, कारण बायोसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर आल्यावर पूर्वीच्या स्थितीत जा असं सेटिंग होतं. चवथीत तो मुलगा गावाला गेला होता, एसी पाच दिवस बंदच झाला नाही. नव्या बोर्डाची करामत ती एवढीच.

बॅटऱ्या का मेल्या ते ऐका. ही लेड-ॲसिडची बॅटरी २५ डिग्रीला धरलेली असते, त्यावर दर १० डिग्रीला आयुष्य साधारण निम्मं होतं. आमची खोली रात्री एसी बंद असताना भट्टी व्हायची. सर्व्हरला १८ ते २७ डिग्रीची हवा हवी हे मी दोन वर्षं आधी मेल करून सांगितलं होतं. त्यावर साहेबांचं उत्तर मला पाठ आहे : "सर्व्हर काय आपला गेस्ट आहे का?" रात्रीच्या एसीचं वाचलेलं बिल आणि बोर्डाचं बिल शेजारी शेजारी ठेवायची फार इच्छा होती, पण मी फक्त लॉगचं प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते फाइलला लावलं. विषय संपला.

तर तुमचं. पहिलं, लॉगमध्ये दोन्ही पीएसयू एकदम जातायत का बघा आणि घड्याळ कुठल्या टाइमझोनचं ते तपासा. जात असतील तर मागे जाऊन हाताने केबल धरून शेवटपर्यंत बघा, दोन्ही कुठे जातात. मी एक पीएसयू यूपीएसवरून काढून थेट दुसऱ्या फेजच्या (विजेच्या वेगळ्या लाइनच्या) सॉकेटवर टाकला, पुढच्या सोमवारी लॉगमध्ये एकाचीच नोंद आली आणि सर्व्हर हलला नाही, संशय तिथेच मिटला. यूपीएसची हिरवी लाइट आणि सेल्फ टेस्ट यावर जाऊ नका, बॅटरी लोडवर मोजा.

लॉगमध्ये मेमरीचे एरर असतील तर गोष्ट वेगळी. तीच रॅम परत त्याच जागी बसवून काही कळत नाही, एरर दाखवणाऱ्या स्लॉटमधल्या रॅमची दुसऱ्या स्लॉटमधल्या रॅमशी अदलाबदल करा. एरर रॅमबरोबर गेला तर रॅम खराब, स्लॉटवरच राहिला तर मग बोर्ड, सीपीयू किंवा त्याचं सॉकेट. व्हेंडरने हे करून दाखवलं असेल तर तो बरोबरही असू शकतो, ते आधीच लिहायला हवं होतं. करून दाखवलं नसेल तर त्याला विचारा की लॉगची कुठली ओळ बघून बोर्ड म्हणताय. आमच्याला मी हे विचारलं नाही.

अजून दोन गोष्टी राहिल्या. दुसऱ्या फेजवरचा प्रकार फक्त टेस्टपुरता, आपल्याकडे पावसात विजा पडतात, सर्ज प्रोटेक्शनशिवाय (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणाऱ्या साधनाशिवाय) तसंच सोडलंत तर पीएसयू खरंच जाईल. आणि अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात बघा, जांभ्याच्या जमिनीत तो कोरडा पडतो, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. रेडमधल्या (RAID, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातल्या) एखाद्या डिस्कची लाइट आधीच लाल असेल तर बॅकअप घेतल्याशिवाय यातलं काहीच करू नका.

लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी इथे टाका, बघून सांगतो. आणि रात्री एसी कोण बंद करतं तेही लिहा.