वाचकांचे प्रश्न : झुरबारानचे पांढऱ्या वस्त्रांतील संत

प्रश्न : युरोपीय कलेवरील एका पुस्तकात फ्रान्सिस्को दे झुरबारान या स्पॅनिश चित्रकाराचे 'संत सेरापियन' हे चित्र पाहण्यात आले. संताचे हात दोरीने बांधलेले आहेत, अंगावर पांढरा झगा आहे आणि मागे नुसता काळोख आहे. छळ होऊन मेलेल्या संताच्या चित्रात रक्ताचा थेंबही नसावा, याचे आश्चर्य वाटले. याचे कारण काय? आणि स्पेनचा विख्यात चित्रकार व्हेलास्केस याचा समकालीन असलेला हा चित्रकार आपल्याकडे इतका अपरिचित का राहिला?
— एक चित्रकला शिक्षक, सांगली

उत्तर : या चित्राचे मर्म कळण्यासाठी ते कोणासाठी आणि कोणत्या दालनासाठी काढले गेले, हे आधी पाहावे लागते. सेरापियन हा मर्सेडेरियन या ख्रिस्ती साधुसंघाचा साधू होता. मुस्लिम राज्यांत अडकलेल्या ख्रिस्ती कैद्यांना खंडणी भरून सोडवणे हे या संघाचे मुख्य कार्य होते, आणि पैसा अपुरा पडल्यास कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहण्याची शपथ प्रत्येक साधूला घ्यावी लागे. १६२८ मध्ये झुरबारानने हे चित्र स्पेनमधील सेव्हिल शहरातील या संघाच्या मठासाठी रंगवले. दिवंगत साधूंचे देह दफनापूर्वी ज्या दालनात ठेवीत, तेथे ते लावलेले होते. म्हणजे चित्रासमोर उभे राहणाऱ्यांनीही तीच शपथ घेतलेली असे, आणि समोर त्यांच्यातल्याच एखाद्याचे कलेवर असे. अशा प्रेक्षकाला यातना दाखवून देण्याची गरज नव्हती. म्हणून चित्रकाराने छळ वगळून छळ संपल्यानंतरचा क्षण निवडला, असे माझे मत आहे.

आपल्याजवळच्या छापील चित्रात चेहऱ्यापेक्षा झग्याकडे अधिक वेळ पाहावे. मान एका खांद्यावर कलली आहे, ओठ किंचित उघडे आहेत आणि देहाचा सारा भार मनगटांवर आला आहे. पण तो भार आपल्याला जाणवतो तो मुख्यतः जाड कापडाच्या खाली ओढल्या गेलेल्या घड्यांमुळे. पांढरा म्हणून जो रंग दिसतो त्यात पिवळसर, राखी आणि तपकिरी अशा कितीतरी छटा आहेत. छातीवर संघाचे तांबडे-पिवळे चिन्ह आहे, आणि उजव्या बाजूला टाचणीने लावल्यासारखा रंगवलेला कागदाचा कपटा असून त्यावर संताचे नाव आहे. हे चित्र आज अमेरिकेतील हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात आहे.

ही शिल्पासारखी घडण त्याला कोठून लाभली, याचे उत्तर त्याच्या शिक्षणात सापडते. एक्स्ट्रेमादुरा प्रांतातील फुएन्ते दे कान्तोस या गावी १५९८ मध्ये जन्मलेला झुरबारान १६१४ मध्ये सेव्हिलला पेद्रो दियास दे व्हिलानुएव्हा या चित्रकाराकडे उमेदवारीला राहिला. त्या काळी सेव्हिलमध्ये लाकडी धार्मिक मूर्ती घडवणारा वेगळा आणि रंगवणारा वेगळा असे. रंगवलेल्या मूर्तीवर प्रकाश कसा पडतो हे त्या शहरातल्या चित्रकाराच्या डोळ्यांत मुरलेले असे. १६२६ मध्ये तेथील डोमिनिकन या दुसऱ्या ख्रिस्ती साधुसंघाच्या मठाने त्याच्याशी आठ महिन्यांत एकवीस चित्रांचा, चार हजार रेआलांचा (रेआल हे तेव्हाचे स्पॅनिश नाणे) करार केला. त्याच मठासाठी १६२७ मध्ये काढलेला 'क्रुसावरील ख्रिस्त' अंधाऱ्या देवघरात जाळीआडून पाहणाऱ्याला मूर्तीच वाटे, असे पालोमिनो या अठराव्या शतकातील चरित्रकाराने नोंदवले आहे. १६२९ मध्ये सेव्हिलच्या नगरसभेने त्याला शहरात स्थायिक होण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा आलोन्सो कानो या तेथील चित्रकाराने त्याची रीतसर परीक्षा घेण्याची मागणी केली. या मागणीचा झुरबारानच्या कामावर फारसा परिणाम झाला नाही.

अपरिचित राहण्याचे मुख्य कारण असे की त्याची चित्रे मठांच्या भिंतींवर होती. १६४९ च्या प्लेगमध्ये सेव्हिलची जवळजवळ निम्मी वस्ती मृत्युमुखी पडली आणि त्याचा चित्रकार मुलगा हुआनही गेला. मठांकडून येणारे काम मंदावले, लोकांना मुरिल्यो या तरुण चित्रकाराची मृदू शैली आवडू लागली. झुरबारान १६५८ मध्ये माद्रिदला गेला आणि २७ ऑगस्ट १६६४ रोजी तेथेच वारला. पुढे नेपोलियनच्या सैन्याबरोबर आलेल्या मार्शल सूल्त या फ्रेंच सेनापतीने सेव्हिलमधील अनेक चित्रे नेली, १८३० च्या दशकात स्पेनमधील मठ सरकारने ताब्यात घेतले, आणि एका मठासाठी एकत्र कल्पिलेल्या मालिका निरनिराळ्या देशांत विखुरल्या. मला ही हानी फार मोठी वाटते, कारण त्याचे एकेक चित्र शेजारच्या चित्राच्या आणि त्या दालनातील उजेडाच्या हिशेबाने रचलेले होते.

प्रश्न : झुरबारानने केवळ संतांचीच चित्रे काढली काय? आपल्या भागात त्याच्या शैलीचा अभ्यास कसा करावा?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : नाही. १६३४ मध्ये माद्रिदच्या बुएन रेतिरो राजवाड्यासाठी त्याने हर्क्युलिस या ग्रीक पुराणातील वीराच्या पराक्रमांची दहा चित्रे काढली, परंतु धावपळीचे, झटापटीचे प्रसंग त्याच्या हाताला मानवले नाहीत. त्याचे सामर्थ्य स्थिर वस्तूंत आहे. १६३३ च्या एका चित्रात टेबलावर लिंबांची थाळी, संत्र्यांची टोपली आणि पाण्याचा पेला व गुलाब ठेवलेली थाळी, एवढेच एका ओळीत मांडलेले आहे. तरी तेथे पूजेच्या मांडणीची शांतता आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील पाय बांधलेल्या कोकराचे चित्रही अवश्य पाहावे. त्याची लोकर बोटांनी चाचपावी असे वाटते.

त्याची मूळ चित्रे येथे पाहायला मिळणार नाहीत. मात्र सातारा जिल्ह्यातच औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत. त्यांत रेशमाच्या निऱ्यांवर उजेड कसा घसरत जातो हे वहीत रेखाटून घ्यावे, आणि मग सेरापियनच्या झग्याचे मोठे छापील चित्र समोर ठेवून त्यातील लोकरीच्या घड्या तशाच रेखाटाव्यात. तेथे उजेड घसरत नाही, घडीच्या कडेवर थांबतो आणि पुढे एकदम सावली सुरू होते. पुढेमागे स्पेनला जाण्याचा योग आला, तर ग्वादालुपेच्या मठाला प्राधान्य द्यावे. तेथील पूजावस्त्रे ठेवण्याच्या दालनासाठी त्याने १६३८-३९ च्या सुमारास काढलेली आठ चित्रे आजही त्याच भिंतींवर आहेत.