घरी काढा, दवाखान्यात स्टेरॉइड

प्रश्न : डॉक्टर, एप्रिल २०२१ मध्ये माझ्या सासऱ्यांना कोरोना झाला. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरी आम्ही सुंठ-मिरी-तुळशीचा काढा देत होतो. आठव्या दिवशी ऑक्सिजन कमी झाला म्हणून सांगलीला ॲडमिट केलं, तर तिथे प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड सुरू केलं. मामा वाचले, पण माझा गोंधळ तसाच राहिला. नक्की वाढवायची की दाबायची? आणि दर नव्या विषाणूला नवं औषध शोधण्यापेक्षा शरीरालाच जागं करील असं एकच औषध का काढत नाहीत? – एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तुमची द्राक्षबाग असणार असं धरून चालतो. दावण्या रोगाचं औषध पावसाच्या आधी मारलं तर बाग वाचते. पानामागे पांढरं दिसायला लागल्यावर तेच औषध टाकीभर मारलं तरी घड हाती लागत नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नांत घोटाळा आहे तो असाच, दिवसांचा.

विषाणू शिरल्याचं रक्ताला कळायच्या आधी पेशीलाच कळतं. आपल्या पेशीतल्या आरएनएच्या, म्हणजे जनुकांची नक्कल वाहणाऱ्या धाग्याच्या, टोकाला रासायनिक टोपी असते. फ्लूसारख्या विषाणूचा नवा आरएनए बोडकाच असतो, टोकाला तीन फॉस्फेट घेऊन. ‘रिग-आय’ नावाचं प्रथिन पेशीत गस्त घालत असतं, ते हे बोडकं टोक धरतं आणि निरोप पुढे जातो. पेशी इंटरफेरॉन नावाचं, शेजारच्या पेशींना सावध करणारं प्रथिन सोडते. ती पेशी बहुधा मरतेच, पण शेजारणी दारं लावून घेतात.

हे इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी शोधलं, तेही कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर. उष्णतेने मारलेला फ्लूचा विषाणू पडद्याच्या तुकड्यांना पाजला, तर नंतर जिवंत विषाणू तिथे वाढेना. मिरजेला शिकत असताना मीही अंड्यांत विषाणू वाढवले आहेत. अंधाऱ्या खोलीत, खोक्यातल्या बल्बसमोर अंडं धरायचं, लाल शिरा दिसल्या की गर्भ जिवंत. शिरा विरल्या की समजायचं, आपण उशिरा आलो.

कोरोनाचा विषाणू हा पहिला निरोपच दाबून ठेवतो. त्या अवधीत तो वाढतो, आणि आठवड्याने शरीर जागं होतं ते पिसाळल्यासारखं. मग फुप्फुसाचं नुकसान विषाणूपेक्षा आपलीच सूज जास्त करते. मामांना ऑक्सिजन लागला तो याच टप्प्यावर. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत २०२० मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र फायदा झाला नाही, उलट आकडा नुकसानीकडे झुकलेला होता. गोळी तीच बरं का! त्या वर्षी तापाच्या पहिल्याच दिवशी मेडिकलमधून ती आणून घेणारे आमच्या गल्लीतही होते. सांगून दमलो.

आता एकच औषध. काढलंय, ताई, कधीच काढलंय. हिपॅटायटिस ‘सी’ला वर्षानुवर्षं इंटरफेरॉनच देत होतो. माझा एक रुग्ण शनिवारी संध्याकाळी इंजेक्शन घ्यायचा, म्हणजे रविवारी अंथरुणात पडून सोमवारी कामावर जाता यावं. तापात अंग मोडून येतं, त्यात आपल्याच इंटरफेरॉनचा मोठा हात असतो, हे त्याच्याकडे बघून कळायचं. ४८ आठवडे असं काढायचं. काहींना नैराश्यही यायचं. थेट विषाणूवर चालणाऱ्या गोळ्या आल्या आणि ते सगळं बंद झालं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

जननेंद्रियावरच्या चामखिळींना इमिक्विमॉड मलम देतात. तेही विषाणूला हात लावत नाही, ‘टीएलआर-७’ या राखणदाराला उठवतं. पण मलम असतं लावलं तिथपुरतं. पोटातून औषध देऊन सगळ्या अंगाला उठवायचं म्हटलं की भीती. हिपॅटायटिस ‘बी’साठी रिग-आयला जागं करणारी इनारिगिविर नावाची गोळी चाचणीत होती. यकृताला इजा झाली, एक रुग्ण दगावला आणि २०२० च्या सुरुवातीला काम थांबलं. शिवाय उंदरावर चाललेलं माणसावर चालेलच असं नाही. ‘स्टिंग’ नावाच्या राखणदाराला उठवणारं कर्करोगावरचं एक औषध उंदरांत उत्तम होतं, माणसांत फसलं. मागाहून कळलं, ते उंदराच्याच स्टिंगला चिकटतं, माणसाच्या नाही.

तरी मी निराश नाही. ॲडमिट झालेल्या कोरोना रुग्णांना इंटरफेरॉन-बीटा देऊन मोठ्या चाचण्यांत काहीच साधलं नव्हतं. पण लॅम्डा नावाचं त्याचं भावंड आहे, ते पेशीवर जिथे चिकटतं ते रिसेप्टर मुख्यतः फुप्फुस, आतडं, यकृत यांच्या अस्तरावर, म्हणून बाकीच्या अंगाला त्रास कमी. ब्राझील आणि कॅनडात लक्षणं सुरू झाल्यापासून ७ दिवसांच्या आत त्याचं एक इंजेक्शन दिलं. दवाखान्यात भरती व्हावं लागणारे किंवा तातडीच्या विभागात बराच वेळ थांबावं लागणारे ५.६ टक्क्यांवरून २.७ वर आले. हे २०२३ मध्ये छापून आलं.

अडचण अशी, की सात दिवसांच्या आत येतो कोण? आपल्याकडे काढा पिऊन ताप अंगावर काढायची रीत. काढा जरूर प्या, घशाला बरं वाटतं. त्याने रिग-आय उठतं असं मात्र मला कोणी दाखवलेलं नाही.

मामांचं डिस्चार्ज कार्ड असेल तर बघा, स्टेरॉइड किती दिवस चाललं आणि त्यानंतर साखर तपासली होती का, कारण स्टेरॉइडने ती वाढू शकते. तपासली नसेल तर उपाशीपोटीची एकदा करून घ्या आणि आकडा कळवा.