वाचक विचारतात : न बिघडणारी हार्ड डिस्क कोणती?

प्रश्न : आमच्या घरच्या संगणकात गेल्या दहा-बारा वर्षांचे कौटुंबिक फोटो, शेतीचा जमाखर्च आणि माझी पत्नी सचिव असलेल्या महिला बचत गटाचे सर्व हिशेब आहेत. गेल्या मे महिन्यात हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला आणि दुरुस्तीत बरेच फोटो गेले. आता पुन्हा तसे होऊ नये म्हणून कोणत्या कंपनीची हार्ड डिस्क घ्यावी? किंमत थोडी जास्त असली तरी चालेल. गावात इंटरनेट धिमे आहे आणि लाइनचा भरवसा नाही. — एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : सर्वप्रथम कंपनीचा प्रश्न निकालात काढू. दुकानात अनेक नावे दिसत असली, तरी फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्क आज जगात सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच कंपन्या बनवतात. अमेरिकेतील बॅकब्लेझ ही साठवणसेवा देणारी कंपनी आपल्याकडील डिस्कच्या बिघाडाची 2013 पासूनची आकडेवारी प्रसिद्ध करते. तीत अलीकडच्या वर्षांत साधारणपणे शंभर डिस्कमागे वर्षाला एक ते दोन डिस्क निकामी झालेल्या दिसतात, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमधला फरक पुष्कळदा दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. तेव्हा तिघांपैकी कोणाचीही, बिलासह आणि पूर्ण वॉरंटीची डिस्क घ्यावी. मात्र वॉरंटीत नवी डिस्क मिळते, तिच्यातले फोटो मिळत नाहीत, हे लक्षात असू द्यावे. म्हणून जास्तीचे पैसे एका महागड्या डिस्कवर न घालता दोन साध्या डिस्कवर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात डिस्कला सोसावे लागते ते ऊन आणि वीज. अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान 5 ते 35 अंश सेल्सिअस दिलेले असते, आणि मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या घरात जातो. टिनाखालच्या खोलीत दुपारी तासन् तास फायली उतरवत बसू नये, हे काम सकाळी लवकर उरकावे. उपाय म्हणून संगणक कूलरच्या झोतात ठेवणाऱ्यांची संख्या कमी नाही, पण ती ओलसर हवा यंत्राच्या आतल्या भागांना मानवत नाही. शिवाय कूलर आणि संगणक एकाच बोर्डावर असतील, तर कूलरची मोटर सुरू होताना खोलीतला दिवा जसा क्षणभर मंदावतो, तसाच दाब संगणकाचाही उतरतो. डिस्क लिहीत असताना लाइन गेली, तर अर्धवट लिहिलेली फाइल खराब होऊ शकते. त्यामुळे लहानसा यूपीएस घ्यावा आणि घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, म्हणून तिथे अधूनमधून पाणी घालावे लागते.

आता प्रतींविषयी. प्रचलित नियम असा, की महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. आपल्या बाबतीत पहिली प्रत संगणकात, दुसरी घरातल्या बाहेरील हार्ड डिस्कवर आणि तिसरी तशाच दुसऱ्या डिस्कवर, पण ती यवतमाळला किंवा दुसऱ्या गावी असलेल्या भावाबहिणीकडे, असे जमवता येईल. साधने दोन प्रकारची हवीत ही अट यात काटेकोरपणे पाळली जात नाही, पण चोरी, आग आणि कोसळलेली वीज यांपासून वाचवणारी अट घराबाहेरच्या प्रतीची आहे, आणि तीच बहुतेक घरांत पाळली जात नाही. पोळ्याला, दिवाळीला जाणे-येणे होतेच. जाताना ताजी डिस्क न्यावी आणि तिकडची परत आणावी. बचत गटाच्या हिशेबाच्या फायली आकाराने अगदी लहान असतात, त्या धिम्या इंटरनेटवरूनही गूगल ड्राइव्हवर सहज चढतात आणि तिथली 15 जीबी जागा विनामूल्य आहे. फोटोंसाठी मात्र डिस्कच बरी.

प्रत काढण्यासाठी विंडोजमधील फाइल हिस्ट्री ही सोय पुरेशी आहे. बदललेल्या फाइलची जुनी आवृत्तीही ती जपते, त्यामुळे हिशेबाचा एखादा तक्ता चुकून पुसला गेला तरी आधीचा मिळतो. काम झाल्यावर डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क ही खऱ्या अर्थाने सुरक्षित प्रत नव्हे, कारण 2017 च्या वॉनाक्राय हल्ल्यात दिसले त्याप्रमाणे फायलींना कुलूप घालणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत. दर काही महिन्यांनी त्या प्रतीतले दोन-चार फोटो आणि एक हिशेब दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. कपाटात वर्षानुवर्षे ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, घेऊ नये, कारण वीज न मिळता बराच काळ पडून राहिल्यास, आणि उष्णतेत अधिक लवकर, तिच्यातली माहिती विरू शकते.

डिस्क स्वतःच्या बिघाडांच्या ज्या नोंदी ठेवते, त्यांवरून क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने तिची प्रकृती पाहता येते. त्याने ‘सावध’ असा शेरा दिला तर डिस्क लगेच बदलावी, पण ‘चांगली’ म्हटले म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कनी अशा नोंदींतून कोणतीच पूर्वसूचना दिली नव्हती. आणि टकटक आवाज पुन्हा आलाच, तर संगणक त्या क्षणी बंद करावा. विंडोज नव्याने टाकून पाहण्याच्या नादात वाचण्याजोगे असलेलेही जाते.

प्रश्न : दोन टीबीचा पेन ड्राइव्ह ऑनलाइन सहाशे रुपयांत मिळत आहे. घ्यावा का? — एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : घेऊ नये. असे ड्राइव्ह आपली क्षमता खोटी सांगतात. प्रत्यक्षात आत थोडीच जागा असते, ती भरली की पुढच्या फायलींची नावे दिसत राहतात, पण फायली उघडत नाहीत. आधीच घेतला असल्यास एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने तो पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावा. या चाचणीला कित्येक तास लागतात, तेव्हा माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच ती लावावी.