आई (७८) पुण्यात एकटी राहते, मी टोरांटोत. घरात कोणते कॅमेरे लावू?

कॅमेरे लावायचं ठरलंच आहे, फक्त कंपनी सांगा, असा तुमच्या प्रश्नाचा सूर आहे. कंपनी मी सांगणार नाही.

आई रात्री तीनला बाथरूमला उठते तेव्हा टोरांटोत उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. तुम्ही गाडी चालवत असाल. समजा नसाल, नेमका तेव्हाच फोन उघडलात आणि आई पडलेली दिसली. पुढे काय? टोरांटोतून १०८ फिरवून पुण्यात रुग्णवाहिका येत नाही. कळल्यापासून दार उघडेपर्यंत किती मिनिटं जातात, तेवढी मोजा. बाकी सगळं नंतर.

माझे साडू कॅमेऱ्यांतले तज्ज्ञ. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर, गॅलरी, चारही ठिकाणी स्वतः लावले. त्यांच्या आई पॅसेजमध्ये पडल्या, ते त्यांना दोन मिनिटांत दिसलं. शेजारच्या काकू तीन मिनिटांत किल्ली घेऊन दारात. आणि आतून टॉवर बोल्ट. काकू बाहेर, आई आत, मुलगा फोनवर दोघींना बघतोय. अग्निशमन दलाने दार उघडेपर्यंत सव्वा तास गेला. साडूंचं आजही म्हणणं आहे की कॅमेऱ्यामुळेच कळलं ना! कळलं, मान्य आहे.

तर आधी दार. मुख्य दाराचा आतला बोल्ट, कडी, साखळी, जे असेल ते काढून टाका. आई घाबरून नाही म्हणेल, आणि तिचं बरोबर आहे. त्याच्या बदल्यात दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडणारी दोन चांगली कुलपं बसवा, एक लाकडी दाराला, एक जाळीच्या दाराला. दोन्हींच्या किल्ल्या शेजारी द्या. इथे दोन घोळ होतात. काही लॅचना आतून खटका असतो, तो सरकवला की बाहेरची किल्ली फिरतच नाही. आणि काही कुलपांत आतून किल्ली अडकवून ठेवली की बाहेरून दुसरी आत जात नाही. म्हातारी माणसं किल्ली हमखास आत लावूनच ठेवतात. दुकानात उभं राहून, आत किल्ली ठेवून, बाहेरून उघडून बघा, मगच पैसे द्या. डिजिटल कुलूप घेतलंत तरी आतला बोल्ट असेल तर ते शोभेचं.

बाथरूमचं दार बहुतेक फ्लॅटमध्ये आत उघडतं. माणूस दाराशीच पडला की दार त्याच्या अंगावर अडतं, बाहेरच्याने ढकलायचं तरी किती? सुताराकडून बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडणारं करून घ्या. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येणारी खिट्टी लावा. आधाराचा दांडा कमोडशेजारी, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, मुठीत पूर्ण मावेल असा, सव्वा ते दीड इंच जाडीचा. टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे, आणि रबरी वाटीने टाइलला चिकटणारा तर मुळीच नाही. टाइलला आरपार भोक पडेपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारी सोय, बंद ठेवायला सांगा, नाहीतर टाइल तडकते. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधे प्लग धरत नाहीत, केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून घट्ट केलेले बोल्ट, लागतात. बसवल्यावर बसवणाऱ्यालाच त्याला लोंबकळायला लावा.

आता वायरलेस डोअरबेल. लोक हसतात, पण एकट्या माणसासाठी ही मला कॅमेऱ्याहून मोलाची वाटते. बटण आईकडे, बेल शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये. एका बेलला दोन बटणं जोडता येतील असा संच घ्या. जोडणी साधी असते: बेलवरचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, मग आईकडचं बटण एकदा दाबायचं. बाथरूमसाठी एक सूर, पलंगासाठी दुसरा, म्हणजे आईच्या शेजारच्या काकूंना कुठे धावायचं ते कळतं. बाथरूममधलं बटण जमिनीपासून एका वितीवर, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो. ओल्या टाइलवर डबल टेप आठवडाभरात सुटतो, सिलिकॉनने चिकटवा. विना-बॅटरीची, दाबण्याच्या जोराने चालणारी बटणं आता मिळतात, ती नको. संधिवाताच्या अंगठ्याला तेवढा जोर येत नाही. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असलं तरी काँक्रीटच्या दोन भिंती आणि मधे लिफ्ट असेल तर त्यातलं फार थोडं उरतं. म्हणून सगळी दारं लावून चाचणी घ्या. शेजारी वीज गेली की बेल मुकी होते, तेव्हा ती त्यांच्या इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये लावा. आणि आईने दर संकष्टीला चंद्रोदयाच्या आधी दोन्ही बटणं दाबून बघायची. काकूंना आधी सांगून.

बटण दाबता आलं नाही तर? त्यासाठी उलटी गोष्ट करायची: रोजची हालचाल झाली नाही की निरोप. जपानमध्ये झोजिरुशीने २००१ साली असा पाण्याचा थर्मास-पॉट आणला, आईने चहासाठी पाणी घेतलं की मुलाला कळतं. आपल्याकडे तेच काम फ्रीजच्या दारावरचा छोटा चुंबकी सेन्सर करतो. सकाळी आठपर्यंत फ्रीज उघडला नाही तर तुम्हाला निरोप, आणि तुम्ही काकूंना फोन. दूध काढायला फ्रीज उघडावाच लागतो, त्यामुळे आईला नवीन काही शिकायचं नाही. सेन्सर जोडताना अडतं ते बहुतेक वेळा राउटरपाशी, कारण ही यंत्रं बहुधा वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीवरच चालतात आणि राउटरने ती आणि ५ ची, दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असतं. जोडणीपुरती ५ ची पट्टी बंद करा. राउटरला मिनी यूपीएसही घ्या. अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघून, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही. नाहीतर वीज गेली की रोज खोटा घोर.

घड्याळाचं थोडक्यात. अॅपलच्या घड्याळात २०१८ च्या सीरिज ४ पासून पडल्याचं ओळखण्याची सोय आहे. धाडकन पडणं ते पकडतं, खुर्चीवरून हळूच घसरणं निसटू शकतं. रोज चार्ज करावं लागतं, म्हणून दुपारच्या मालिकेच्या वेळी करा, रात्री नको. रात्रीच तर ते हातात हवं.

आईच्या फोनचा ताबा दुरून घेणारं अॅप टाकून तुम्ही तिची कामं करत असाल, तर ते काढा. अशा अॅपचा नंबर फोनवर वाचून दाखवायची सवय तुम्हीच लावताय, उद्या बँकेच्या नावाने फोन करणाऱ्यालाही ती तो वाचून दाखवेल. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर फ्रीजवर चिकटवा. त्याखाली १०८, ११२, आणि ज्येष्ठांच्या चौकशीसाठी १४५६७. तुमच्याकडे मात्र जवळच्या रुग्णालयाचा +९१ २० ने सुरू होणारा लँडलाइन नंबर हवा.

आता कॅमेरा. आईला स्मृतिभ्रंश असेल आणि ती घराबाहेर निघून जात असेल, किंवा तिला सांभाळायला ब्यूरोची बाई चोवीस तास राहणार असेल, तर मी वर लिहिलेलं थोडं बदलतं. पहिल्या बाबतीत बोल्ट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि दार उघडलं की शेजारी वाजणारा सेन्सर लावा. दुसऱ्या बाबतीत एक कॅमेरा, फक्त हॉलमध्ये, बाईंना सांगून. एरवीही हवाच असेल तर एकच, दाराकडे तोंड करून, आणि आईला विचारून. प्रश्नात ती काय म्हणते ते कुठेच नाही. दिवसभर कुणीतरी बघतंय म्हणून गाऊनवर न बसता सकाळीच साडी नेसून बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात, साडूंच्या आई त्यातल्याच.

साडू हे वाचत असतील तर, त्या बोल्टला सहा स्क्रू आहेत.