उलटं झोपवणारं टेबल आणि कंबरदुखी : वाचकांचे प्रश्न

वय 46. एमआरआयमध्ये कमरेची एल 4-5 (चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) चकती सरकलेली दिसते, डाव्या पायात कळ जाते. फिजिओथेरपीला गेल्यावर वजन लावून ट्रॅक्शन देतात, तेवढा वेळ बरं वाटतं. घरी इन्व्हर्शन टेबल घेतलं तर तोच उपयोग होईल का? – एक वाचक, सातारा

तत्त्व तेच आहे. दवाखान्यात पट्टा बांधून कंबर ओढतात, इथे घोटे अडकवलेले असतात आणि तुमचंच वरचं धड खाली ओढ देतं. ती ओढ किती, हे आधी समजून घ्या, म्हणजे पूर्ण उलटं व्हायचा मोह होणार नाही. 70 किलोच्या माणसाचं कमरेच्या वरचं वजन साधारण 35 किलो धरू. टेबल आडव्यापासून 20 अंश खाली झुकलं तर त्यातले सुमारे 12 किलो ओढीला लागतात, 30 अंशांना साडेसतरा, 60 अंशांना 30. पाठ गादीवर घासते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमीच. म्हणजे 60 अंशांपर्यंत बहुतेक सगळी ओढ मिळून गेलेली असते. त्यापुढे उभं उलटं लटकल्याने कमरेला फारसं जास्त मिळत नाही, डोक्यावर आणि डोळ्यांवर मात्र ताण वाढतो.

आता उपयोगाचं. ओढ असेपर्यंत मणक्यांमधला दाब कमी होतो, नसेला थोडी मोकळीक मिळते, आखडलेले स्नायू सैल पडतात. उभं राहिलात की वजन परत चकतीवर येतं. निरोगी माणूससुद्धा संध्याकाळी सकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बुटका असतो, तो याच कारणाने. त्यामुळे सरकलेली चकती टेबलाने ‘जागेवर बसते’ अशी जाहिरात कोणी करत असेल तर विश्वास ठेवू नका. कॉक्रेन या संस्थेने 2013 मध्ये कंबरदुखीतल्या ट्रॅक्शनच्या 32 चाचण्या (2,762 रुग्ण) एकत्र तपासल्या. वेदना किंवा हालचाल यांत ट्रॅक्शनने फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. याच्या उलट, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा एक छोटा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच चकतीचा त्रास असलेले, शस्त्रक्रियेच्या यादीतले रुग्ण त्यात होते. फिजिओथेरपीच्या जोडीला उलटं झोपवलेल्या 13 जणांपैकी 10 जणांची शस्त्रक्रिया टळली. निकाल आशादायक आहे, पण एवढ्या थोड्या रुग्णांवरून सगळ्यांसाठी नियम करता येत नाही.

दवाखान्यातल्या ट्रॅक्शनने तुमची पायातली कळ कमी होत असेल, तर टेबल करून पाहायला हरकत नाही. आराम मिळालेल्या त्या तासा-दोन तासांत चालणं आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करा. टेबलाचा खरा फायदा तिथे आहे. नुसतं उलटं झोपून उतरलात आणि सोफ्यावर वाकून बसलात, तर पैसे वाया गेले.

वडिलांसाठी टेबल मागवतोय. वय 63, बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी काही नाही. – एक वाचक, ठाणे

‘बाकी काही नाही’ हे डोळे तपासून ठरवा, त्याआधी टेबल मागवू नका. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी 75 योगाभ्यासींचा डोळ्यातला दाब शीर्षासनात मोजला होता. 2006 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सर्व वयांच्या लोकांत दाब दुप्पट होतो आणि आसन सोडेपर्यंत तसाच राहतो. टेबलावर तिरपं झोपल्यावर वाढ कमी असेल, पण दिशा तीच. काचबिंदू बऱ्याच जणांना कळतसुद्धा नाही, कारण तो दुखत नाही आणि नजर कडेकडून जाते. साठीच्या माणसाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब आणि पडदा दोन्ही तपासून घ्यावेत. काचबिंदू असेल किंवा पडदा सुटण्याचा धोका असेल तर विषय तिथेच संपला.

बीपी गोळीने काबूत असलं तरी डॉक्टरांचा होकार हवाच. पुढच्या लोकांनी टेबल वापरूच नये : हृदयविकार किंवा अर्धांगवायू होऊन गेलेले, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे, हाडं ठिसूळ झालेले, मणक्यात स्क्रू-पट्टी बसवलेले, हर्निया असलेले, गरोदर स्त्रिया. छातीत जळजळ होऊन आंबट पाणी वर येणाऱ्यांनाही झेपत नाही. कान फुटलेला किंवा कानात पू असेल तर बरा होईपर्यंत थांबा. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, कारण सगळी ओढ त्या सांध्यातूनच जाते.

माझी उंची 5 फूट 7 इंच. पायाकडच्या, उंची लावायच्या दांड्यावर त्याच खुणेला खीळ लावली. तरी हात जरा वर केले की टेबल धाडकन उलटं होतं, परत यायलाही जोर लावावा लागतो. टेबल खराब आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

टेबल ठीक आहे, खूण तुमच्या बांध्याला जुळत नाही. हे यंत्र तराजूसारखं चालतं. ते ज्या बिजागरीवर फिरतं, तिच्या वरच्या बाजूला तुमचं वजन जास्त पडलं की डोकं धपकन खाली जातं. दांड्यावरची खूण फक्त उंची धरते. खांदे रुंद, पोट सुटलेलं किंवा पाय तुलनेने बारीक असले, तर त्याच उंचीच्या दोन माणसांना वेगवेगळी खाच लागते.

दांडा एक खाच लांब करा, म्हणजे पाय बिजागरीपासून दूर जातात आणि पायाकडची बाजू जड होते. मग परीक्षा घ्या. पहिल्या वेळी घरातलं कोणीतरी गादीची कड धरून शेजारी उभं हवं. घोटे अडकवून, डोकं टेकवून पडा, दोन्ही हात छातीवर घ्या. पायाकडची बाजू चौकटीच्या आडव्या दांडीवरून दोन-चार इंच उचलली जाऊन टेबल थांबलं, तर खाच बरोबर. हात छातीवर असतानाच ते आडव्याच्या पुढे निघालं तर आणखी एक खाच लांब. अजिबात हललं नाही तर एक खाच आखूड. बरोबर जुळलेलं टेबल हात डोक्याकडे हळूहळू नेले की हळूहळू जातं आणि हात मांड्यांवर आणले की आपोआप परत येतं. बूट बदलले किंवा वजन चार-पाच किलोंनी हललं, तर ही परीक्षा पुन्हा घ्या.

आणखी एक पाहा. काही टेबलांना बिजागरीच्या पट्टीत दोन-तीन भोकं असतात. डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या भोकात खीळ बसली, तर गादी वाकडी फिरते आणि अडकते.

वर येताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मान उचलून उठून बसायचा प्रयत्न. त्याने वजन सरकत नाही, पोट आणि कंबर मात्र आवळतात, आणि दुखरी कंबर आवळायला ती सगळ्यात वाईट वेळ. डोकं टेकलेलंच ठेवा, हात खाली घ्या, गुडघे किंचित दुमडा. तरी येत नसेल तर बाजूचे दांडे धरून हळू ओढा.

किती अंश, किती वेळ? युट्यूबवर लोक दहा-दहा मिनिटं उलटे लटकतात. उतरल्यावर मला गरगरतं आणि कंबर धरते. – एक वाचक, मडगाव

गादीखाली एक पट्टा असतो. तो टेबल किती झुकेल हे ठरवतो. बरेच लोक तो अडचण म्हणून काढून टाकतात, आणि तिथेच अपघात होतात. पहिला आठवडा पट्टा 15-20 अंशांवर, वेळ एक ते दोन मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. उतरल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसेल तरच दुसऱ्या आठवड्यात 30 अंश, दोन-तीन मिनिटं. बहुतेकांचं काम 30 ते 45 अंशांत होतं. पाच मिनिटांच्या पुढे जाऊ नका. जेवणानंतर दोन-तीन तास तर नाहीच.

गरगरणं आणि कंबर धरणं, दोन्ही घाईने उभं राहिल्यामुळे होतं. डोक्याकडे गेलेलं रक्त एकदम खाली उतरतं. सैल पडलेल्या मणक्यांवर अचानक वजन आलं की भोवतीचे स्नायू स्वतःहून आवळतात. वर येताना टेबल आडवं झालं की तिथेच एक-दोन मिनिटं थांबा, डोकं पायांपेक्षा किंचित खालीच राहू द्या, मग सावकाश उभे व्हा. उतरल्यावर लगेच वाकून बुटाची नाडी सोडू नका.

उलटं असताना डोकं ठणकलं, डोळ्यांत दाब जाणवला किंवा नजर धूसर झाली, तर त्याच क्षणी परत या आणि त्या दिवशी पुन्हा करू नका.

घोटे फार दुखतात. अनवाणी करतो. – एक वाचक, अमरावती

नाडीचे, सपाट तळव्याचे बूट घाला. जाड तळव्याने घोटे धरणारा कप घोट्याच्या बारीक भागापर्यंत पोचत नाही आणि उंच गळ्याचा बूट कपात नीट बसत नाही. कप सैल असला की पाय सरकून पावलाच्या वरच्या बाजूला सगळा भार येतो. तेच दुखतं. कप घट्ट दाबून घ्या, कडी खाचेत बसली का ते पाय हलवून पाहा.

टेबलाऐवजी शीर्षासन चालेल ना? – एक वाचक, पुणे

कंबरदुखीसाठी नाही. शीर्षासनात अंगाचं वजन डोक्यावर आणि मानेवर दाबतं, कमरेला ओढ मिळत नाही. उलटं लटकणं आणि उलटं उभं राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ओढ हवी असेल तर तुमच्याच गावात 1975 पासून असलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेच्या पद्धतीत भिंतीवरच्या दोरांचा उपयोग होतो. दोर मांड्यांच्या सांध्यापाशी घेऊन अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) केलं की घोटे न अडकवता कंबर लांबते आणि पाय जमिनीवर राहतात. ते जाणत्या शिक्षकासमोरच शिकावं, घरच्या खिडकीच्या गजाला दोर बांधून नाही.

पंधरा दिवस वापरतेय. कंबर हलकी झाली, पण मुंग्या आधी मांडीपर्यंत होत्या, त्या आता पावलापर्यंत जातात. चालू ठेवू का? – एक वाचक, जळगाव

थांबा. दुखणं पायातून वर कमरेकडे सरकलं तर चांगलं लक्षण, कंबर जास्त दुखली तरीसुद्धा. कमरेतून खाली पावलाकडे उतरलं तर नस जास्त चिडतेय. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. पाऊल उचलताना चप्पल घसटायला लागली, दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवी अडली वा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी. अशा वेळी नसांवरचा दाब काढायला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

जुनं टेबल स्वस्तात मिळतंय. काय बघून घ्यावं? – एक वाचक, बेळगाव

वजनाची मर्यादा लिहिलेली चिठ्ठी शिल्लक आहे का पाहा. बऱ्याच टेबलांवर ती 136 किलो असते. बिजागरीच्या दोन्ही खिळा वाकलेल्या नकोत. घोट्याच्या कपातला रबर कडक होऊन चिरला असेल, तर तो बदलून मिळेल का ते आधी विचारा. दांड्याची स्प्रिंगची खीळ खाचेत पूर्ण आत गेली पाहिजे. ती अर्धवट बसली तर नेमकी उलटं असताना सुटते. झुकणं रोखणारा गादीखालचा पट्टा हरवलेला असेल तर ते टेबल घेऊ नका. घरी फरशीवर रबरी चटई टाका, डोक्यामागे आणि पायांपुढे गादी फिरेल एवढी जागा मोजून घ्या. लहान मुलं असतील तर काम झाल्यावर टेबल दुमडून दाराआड ठेवा : फिरत्या गादीत बोटं चिरडतात.