ताणतणावाच्या कार्यशाळेने नर्सिंगच्या मुलींना बरं वाटतं का, आणि पेशंटला त्याचा काही उपयोग होतो का?

तू लिहिलंयस की सोलापुरातच बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, कॉलेजने ताणतणाव व्यवस्थापनाची दोन दिवसांची कार्यशाळा ठेवलीय, तुला विद्यार्थी कल्याण समितीत घेतलंय, आणि असल्या प्रशिक्षणाने मुलामुलींचं किंवा पेशंटचं खरंच काही भलं होतं का, असं तुला विचारायचंय. मी तुला अगं-तुगंच करणार, माझ्या विद्यार्थिनी तुझ्याच वयाच्या आहेत.

कार्यशाळेने काही होत नाही. शिकवण्याने होतं, आणि लई होतं.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून मेडिसिन वॉर्डात लागले, नोकरी करता करता पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची पदवी, केलं आणि आता ट्यूटर आहे. कुठं ते सांगत नाही. रडणाऱ्या पोरी मी भरपूर पाहिल्यात. घरच्या आठवणीने रडणारी पहिल्या वर्षी दिवाळीपर्यंत सावरते. दुसऱ्या वर्षाला जी रडते तिचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. समोर पेशंट असतो, हातात ट्रे असतो आणि काम कसं करायचं ते कुणी दाखवलेलं नसतं. तिला तुम्ही डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावा, डोळे उघडले की ट्रे हातातच असतो.

एकीचं सांगते. मे महिना, सोलापूरचा मे, म्हणजे वॉर्डातला पंखा गरम हवा फिरवणार. फिमेल मेडिसिनला सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू वस्तीतली, एक आज्जी होती, जन्म विड्या वळण्यात गेलेला. लकवा मारून डावी बाजू गेलेली. बोलता येत होतं, पण फक्त तेलुगू. तिच्यापाशी पोस्टिंगला आलेली पोरगी करमाळ्याकडची, तेलुगूचा गंध नाही. सकाळच्या राऊंडनंतर ही पोरगी दिसेना म्हणून शोधायला गेले, तर लिनन ठेवायच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडत होती.

"काय करायलीस इथं?"

"इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, सेकंड इयरला आलीस आणि साधी पोझिशन देता येईना तुला."

मी तिचं प्रोसीजर बुक मागितलं. पोझिशन बदलण्याच्या पानावर सही होती, तारीख होती, शिक्का होता. वर्गातल्या सगळ्यांच्या वह्यांवर एकाच दिवशी सह्या झाल्या होत्या. तिने एकदाही खऱ्या माणसाला कुशीवर वळवलेलं नव्हतं. 'दर दोन तासांनी पोझिशन बदलावी' हे पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. पण पुस्तकातला पेशंट दर दोन तासांनी आपोआप वळतो. इथं साठेक किलोची म्हातारी होती, अर्धं अंग लुळं, हात लावला की ओरडणारी, आणि काय ओरडतेय ते कळायचं नाही.

मग दाखवलं. आधी खाटेखालचं स्टूल सरकव, नाहीतर तुझी कंबर जाईल. वॉर्डातल्या मावशींना हाक मार, हे एकटीचं काम नाही. लुळा हात छातीवर घे, पण ओढू नको. लकव्याचा खांदा ओढला की सांधा सरकतो, मग आज्जी महिनाभर कण्हते. ज्या बाजूला वळवायचं तिच्या पलीकडचा गुडघा दुमडून घे. ड्रॉशीट, म्हणजे कमरेखालची आडवी चादर, दोन्ही बाजूंनी अंगालगत गुंडाळून धर आणि उचलून सरकव, फरफटवायचं नाही. त्या फरफटीनेच कातडं सोलतं. पूर्ण आडवं करू नको, तीस अंशांवर थोडी कललेली ठेव. एक उशी पाठीशी, एक गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटरीखाली, म्हणजे टाच हवेत राहते. टाच सगळे विसरतात.

मग खालचं मॅकिन्टॉश, म्हणजे रबराची शीट, काढायला लावलं. त्या उकाड्यात तिच्यावर पाठ नुसती भिजत होती. ओल, घासणं, दाब, तिन्ही एकत्र आले की बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, व्हायला वेळ लागत नाही. ब्रेडन स्केल, म्हणजे बेडसोअरचा धोका मोजायचं कोष्टक, त्यात सहा गोष्टींना गुण देतात ते हेच पाहायला, आणि एकूण गुण जितके कमी तितका धोका जास्त. पोरीला ते सहा मुद्दे तोंडपाठ होते. आज्जीची पाठ मात्र तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

बोट लावून कसं तपासायचं तेही सांगितलं. लाल जागेवर बोट दाब, सोड. पांढरी पडून परत लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही रंग हटला नाही तर ती बेडसोअरची पहिली पायरी. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताची पाठ लावून बघायचं, शेजारच्या भागापेक्षा तिथं गरम लागतं का, घट्ट लागतं का. पुस्तकातले फोटो गोऱ्या माणसांचे असतात, त्यामुळे हे कुणी दाखवल्याशिवाय कळतच नाही. मावशींनी तिला 'नोप्पी एक्कडा?' शिकवलं, म्हणजे कुठं दुखतंय. तिने ते डायरीत देवनागरीत लिहून घेतलं. आज्जी तिचे उच्चार ऐकून अर्ध्या तोंडाने हसायची. सोलापुरात नर्सिंग शिकणाऱ्या प्रत्येकीला कामापुरतं तेलुगू आणि कन्नड आठवडाभरात शिकवावं असं माझं मत आहे. कम्युनिकेशन स्किलच्या तासाला इंग्रजीतली स्लाइड लावण्यापेक्षा ते बरं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं, चालू असताना ही पोरगी मध्येच बोलली. "सिस्टर, माकडहाडापाशी गरम लागतंय आणि दाबलं तर रंग जाईना." विद्यार्थिनीने ओव्हरमध्ये तोंड उघडायची पद्धत नव्हती. इन्चार्जच्या कपाळावर आठ्या आल्या, पण जाऊन बघितलं, आणि होतं तसंच. त्याच दिवशी अल्फा बेड, म्हणजे हवेची गादी, आला, दोन तासांचा चार्ट खाटेला लागला. कातडी फुटली नाही. डिस्चार्जच्या वेळी त्या पोरीनेच आज्जीच्या सुनेला पोझिशन कशी द्यायची ते खुणांनी शिकवलं, टाचेसकट.

आणि त्यानंतर ती लिननच्या खोलीत सापडली नाही. तिचं समुपदेशन कुणी केलं नव्हतं. हॉस्टेलची मेस तीच होती, इन्चार्जही तीच. फक्त एक काम तिला नीट येत होतं आणि येतंय हे तिला कळलं होतं.

हे सगळं मी आमच्या वन्संना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एवढं कौतुक कशाला? आम्हाला कुणी शिकवलं? ओरडा खाल्ला, शिकलो. तुमच्या पोरी नाजूक." वन्सं म्हणजे माझी नणंद. स्वतः मोठ्या रुग्णालयात इन्चार्ज म्हणून रिटायर झाल्यात. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर आमचा हाच वाद होतो. तुझा प्रश्न वाचला तेव्हा मला आधी त्याच आठवल्या, म्हणून हे उत्तर वाढत चाललंय.

वन्सं, वाचत असाल तर ऐका. ओरड्याने पोरगी शिकते ती लपवायला. इंजेक्शन देताना सुई टोचली तर ओरडा खाल्लेली पोरगी कुणाला सांगत नाही, बोट धुते आणि गप्प बसते. सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण टाळायचं औषध जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या काही तासांत, आणि काही झालं तरी 72 तासांच्या आत सुरू करायचं असतं आणि 28 दिवस घ्यायचं असतं. ते तास भीतीपायी निघून जातात. ज्या वॉर्डात बिनधास्त सांगता येतं तिथं पोरगीही सुरक्षित राहते आणि चुकीचा डोस गेलेला पेशंटही वेळेत सापडतो. यात नाजूकपणा कुठून आला?

आकडे हवे असतील तर तेही आहेत. 'लॅन्सेट'मध्ये 2014 साली युरोपातल्या 9 देशांतल्या 300 रुग्णालयांचा अभ्यास आला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून जास्त पेशंटच्या नोंदी होत्या. एका नर्समागे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढलं की ती 7 टक्क्यांनी कमी होते, असं त्यात दिसलं. म्हणजे शिक्षण मोजता येतं, आणि माणसांची कमतरताही मोजता येते. या कमतरतेबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते खर्चाचं आहे.

सिम्युलेशन लॅबचंही, म्हणजे पुतळ्यावर सराव करायच्या खोलीचंही, तसंच. अमेरिकेत 10 नर्सिंग कॉलेजांत प्रयोग झाला, निकाल 2014 मध्ये आला. वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनमध्ये घेतले तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. आपल्याकडे 2021 च्या नव्या अभ्यासक्रमातही सिम्युलेशन आलंय. पण मी अशी लॅब पाहिलीय जिथं पुतळ्यावरचं प्लास्टिक फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी निघतं आणि किल्ली एकाच मॅडमच्या पर्समध्ये असते. नियमाने दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. कागदावर असतोच. वॉर्डात सकाळी आठ वाजता तो कुठं असतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

समाजाचं तर विचारूच नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, शाळांच्या सहली जातात. त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान नर्स होत्या, हे त्या सहलीतल्या किती पोरांना सांगतात? लग्नाच्या बैठकीत अजूनही 'नाइट ड्यूटी असते का?' हा पहिला प्रश्न येतो. याचाही ताण असतो, आणि तो कुठल्याच कार्यशाळेत येत नाही.

आता जरा सबुरीने. वरचा अभ्यास युरोपातला आहे, तो जसाच्या तसा आपल्या वॉर्डाला लावता येणार नाही, आणि पदवी म्हणजेच चांगली नर्स असंही मी म्हणत नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका एएनएम, म्हणजे पदवी नसलेल्या, सिस्टरने. वन्संच्या काळात अख्ख्या वॉर्डाला रात्री दोन सिस्टर असायच्या, शिकवायला सवड कुठून आणणार, हेही खरं. योगासनं वाईट नाहीत, मी स्वतः करते, पाठीसाठी. आणि शिकवण्याने सगळंच सुटतं असं तर मुळीच नाही. एखादी जेवत नसेल, झोपत नसेल, जगून काय उपयोग असं बोलत असेल तर तो आजार आहे, तिथं माझी टाच आणि उशी कामाची नाही. तिला डॉक्टरकडे न्या. टेली मानसचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात. हॉस्टेलच्या फळ्यावर लिहून ठेव.

समितीत जायचं की नाही? जा. कार्यशाळेला विरोध करू नको, उगाच डोळ्यावर येशील. पण बैठकीत लॅब संध्याकाळी दोन तास उघडी ठेवायची मागणी कर. पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात ट्यूटर वॉर्डात उभी पाहिजे म्हण. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस सगळ्यांचे झालेत का, याची यादी माग. पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा असतो, आणि तिसरा हमखास राहतो. सुई टोचली तर कुणाला फोन करायचा ते प्रत्येक वॉर्डात लिहून लावायला सांग. नाइटनंतर त्याच सकाळी लेक्चरला बसवू नका, हेही. आणि इतिवृत्त लिहायचं काम स्वतःकडे मागून घे, बाकी कुणाला ते नकोच असतं. मागण्या तारखेसकट लिही, सही घे आणि एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेव.